केनिंग्टन रोडचे पोर: एक रंगीत नकाशा, एक कायदा आणि चार्ली चॅप्लिनची घरे

सन १८८९. लंडनमध्ये या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. तिन्हींची नोंद निरनिराळ्या दप्तरांत आहे आणि त्या काळी कोणालाही त्यांचा परस्परांशी संबंध जोडावासा वाटला नसता.

पहिली: चार्ल्स बूथ या धनाढ्य जहाजमालकाने लंडनच्या गरिबीवरील आपल्या ग्रंथाचा पहिला खंड रंगीत नकाशासह प्रसिद्ध केला. दुसरी: ब्रिटिश संसदेने मुलांवरील क्रौर्य रोखणारा पहिला कायदा संमत केला. तिसरी: एप्रिल महिन्यात दक्षिण लंडनमध्ये एका नाट्यगायक दांपत्याच्या घरी मुलगा जन्मला. त्याचा जन्मदाखला आजतागायत कोणाला सापडलेला नाही. पुढे त्याचा चेहरा जगात सर्वाधिक ओळखला जाणाऱ्या चेहऱ्यांपैकी एक झाला.

चार्ली चॅप्लिनच्या बालपणाची कथा बहुतेक वेळा 'गरिबीतून श्रीमंतीकडे' या साच्यात सांगितली जाते. या धाग्यात ती वेगळ्या अंगाने पाहायची आहे. गरीब घर आणि असुरक्षित घर या दोन गोष्टी एकच असतात का? आणि त्या काळच्या राज्यव्यवस्थेला त्यांतला फरक कळत होता का?

🧵

प्रथम नकाशा. लंडनमधील चौथा हिस्सा जनता दारिद्र्यात आहे, असे समाजवादी मंडळी सांगत असत. बूथला तो आकडा फुगवलेला वाटत होता. स्वतःच्या खर्चाने त्याने पाहणी आरंभली आणि उत्तर आले ते त्याच्या अपेक्षेच्या उलट: पूर्व लंडनमध्ये सुमारे ३५ टक्के, संपूर्ण लंडनमध्ये ३०.७ टक्के. आपलाच समज खोटा ठरवणारा निष्कर्ष छापण्याचे धैर्य त्या जहाजमालकाने दाखवले, याची नोंद घ्यायलाच हवी.

बूथने रस्त्यारस्त्याला रंग दिला. सर्वांत खालच्या थराला काळा, त्यावर गडद निळा, फिकट निळा, मग जांभळा, गुलाबी, तांबडा आणि अतिश्रीमंतांना पिवळा. १८९८-९९ च्या फेरपाहणीत त्याचे साहाय्यक त्या त्या भागातील पोलिसांसोबत गल्लोगल्ली पायी फिरले. त्यांच्या वह्या आजही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जतन केलेल्या आहेत.

नकाशा पाहताना डोळ्यांत भरते ती रंगांची जवळीक. श्रीमंतांचे लंडन एका टोकाला आणि गरिबांचे दुसऱ्या टोकाला, अशी सरळ विभागणी नव्हती. मुख्य रस्त्यावर तांबडा पट्टा आणि त्याच्याच पाठीमागे, एका भिंतीच्या अंतरावर, निळ्या गल्ल्या. नोकरांची, धोबिणींची आणि घोड्यांच्या तबेल्यांची गरज असलेल्यांना गरिबी फार दूर ठेवता येत नव्हती. केनिंग्टन आणि लॅम्बेथ हा टेम्स नदीच्या दक्षिणेचा भाग असाच मिश्र रंगांचा होता.

आता कुटुंब. वडील चार्ल्स चॅप्लिन म्युझिक हॉलमध्ये गात. ऐन भरात त्यांची गाणी त्यांच्या छायाचित्रासह छापून विकली जात. आई हॅना ही एका चांभाराची मुलगी, रंगमंचावरचे नाव लिली हार्ले. थोरला सावत्र भाऊ सिडनी चार्लीहून चार वर्षांनी मोठा. चार्ली दोनेक वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले.

वडिलांच्या दारूविषयी लिहिताना व्यक्तीचा दोष आणि धंद्याची रचना यांत फरक करावा लागतो. म्युझिक हॉलची बरीचशी कमाई नाटकगृहातील मद्याच्या दुकानातून येई. कलावंताने प्रवेशानंतर तिथे जाऊन गिऱ्हाइकांसोबत प्यावे, ही अलिखित अट असे. जो अधिक लोकप्रिय, त्याच्या हातात अधिक पेले. याने वडिलांच्या वर्तनाचे समर्थन होत नाही, पण अडतिसाव्या वर्षी यकृत निकामी होऊन मरणारा हा एकटाच गायक नव्हता, हे यातून कळते.

आईचा आवाज गेला आणि तिची कामे थांबली. ती शिवणकामाकडे वळली. इथे थोडे अंकगणित करू. नगावर मजुरी होती: एक डझन ब्लाउज शिवून दिल्यास दीड शिलिंग, म्हणजे एका ब्लाउजला दीड पेनी. चॅप्लिनच्या आठवणीनुसार तिचा एका आठवड्याचा उच्चांक होता ५४ ब्लाउज. त्याचे झाले ६ शिलिंग ९ पेन्स. बूथच्या हिशेबात मध्यम आकाराच्या ज्या कुटुंबाची आठवड्याची मिळकत १८ ते २१ शिलिंग, ते 'गरीब'. म्हणजे हॅना आपल्या सर्वोत्तम आठवड्यातही गरिबीच्या त्या रेषेच्या सुमारे एक तृतीयांशावर होती.

शिवणयंत्र हप्त्याने घेतलेले होते. हप्ते थकले आणि दुकानदाराने यंत्र उचलून नेले. ज्या साधनाने हप्ता फेडायचा, तेच साधन हप्त्यापायी जाते!

मुलांना गरिबी आधी कपड्यांतून कळते. आईने आपला रंगमंचावरचा जुना कोट कापून सिडनीला बेतला. त्याच्या बाह्या लाल-काळ्या पट्ट्यांच्या निघाल्या. तिच्या लाल घट्ट विजारींचे चार्लीसाठी मोजे झाले. शाळेतली पोरे दोघांना नावे ठेवीत. पुढे सिडनी तारखात्यात पोऱ्या म्हणून लागल्यावर त्याच्यासाठी घेतलेला एकुलता एक सूट दर सोमवारी गहाणवटीच्या दुकानात जाई आणि शनिवारी सुटून घरी येई. आठवडाभर तो खात्याच्या गणवेशात असल्याने ही युक्ती चालून जाई. वर्षभरात कापड झिजले, तशी दुकानदाराने गहाणाची रक्कमही घटवली.

मे १८९६ मध्ये हॅना दोन्ही मुलांसह वर्कहाउसमध्ये दाखल झाली. चार्ली सात वर्षांचा होता.

वर्कहाउस म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. १८३४ च्या सुधारित पुअर लॉने असे तत्त्व ठरवले होते की मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब स्वतंत्र मजुराच्या स्थितीहूनही खालची दिसली पाहिजे. अन्यथा लोक आळशी होतील. म्हणून दारातच कुटुंबाची विभागणी होई. पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे, मुले तिसरीकडे. अंगावरचे कपडे काढून घेऊन संस्थेचा गणवेश दिला जाई. काही वेळाने आई भेटीच्या खोलीत आली, तेव्हा तिला त्या गणवेशात पाहून मुलांना धक्का बसला, असे चॅप्लिनने साठ-पासष्ट वर्षांनंतरही लिहून ठेवले आहे.

जूनमध्ये मुलांची रवानगी सुमारे २० किलोमीटरवरील हॅनवेलच्या शाळेत झाली. अशा प्रचंड निवासी शाळांना लोक 'बराकी शाळा' म्हणत. योगायोग असा की त्याच वर्षी मंडेला समितीचा अहवाल आला आणि त्याने अशा शाळांवर कठोर टीका केली. शेकडो मुले एकत्र कोंबल्याने डोळ्यांचे व त्वचेचे रोग पसरत. चार्लीला गजकर्ण झाले. डोके भादरून त्यावर आयोडीन फासण्यात आले. शुक्रवारी व्यायामशाळेत सर्वांसमोर अपराधी मुलांना फटके दिले जात. न केलेल्या अपराधासाठी चार्लीनेही ते खाल्ले. नोव्हेंबरमध्ये सिडनीला 'एक्समथ' या प्रशिक्षण नौकेवर पाठवल्यानंतर तो तिथे एकटाच उरला. जानेवारी १८९८ मध्ये त्याची सुटका झाली, म्हणजे जवळजवळ दीड वर्षाने.

या काळात वडील कुठे होते? फार दूर नव्हते. कायद्याने मुलांचा पोशिंदा बापच असल्याने पुअर लॉच्या पालक मंडळाने त्यांना आठवड्याला १५ शिलिंग भरण्यास सांगितले. ते भरले गेले नाहीत. अटकेचे वॉरंट निघाले, माहिती देणाऱ्यास एक पौंडाचे बक्षीस जाहीर झाले. गाण्यांच्या छापील प्रतींवर ज्याचा चेहरा झळकत होता, त्याच्या ठावठिकाण्यासाठी बक्षीस लावावे लागले. अखेर थकबाकी भावाने भरली.

जुलै १८९८ मध्ये आई आणि मुले पुन्हा वर्कहाउसमध्ये. यानंतरचा प्रसंग चॅप्लिनच्या चरित्रांत नेहमी येतो आणि तो यायलाच हवा.

वर्कहाउसमधून स्वतःहून बाहेर पडण्याचा हक्क असे. मात्र मुलांनाही सोबत न्यावे लागे. १२ ऑगस्ट रोजी हॅनाने स्वतःचे आणि मुलांचे नाव रीतसर कमी करवले. मुले नॉरवूडच्या शाळेतून आली, तिघांचे चुरगळलेले कपडे परत मिळाले आणि ती मंडळी केनिंग्टन पार्कमध्ये गेली. सिडनीच्या गाठीशी ९ पेन्स होते. त्यातून काळ्या चेरी घेतल्या. वर्तमानपत्राचा चोळामोळा करून, त्याला दोरी बांधून चेंडू केला आणि तिघे खेळले. दुपारी चहाच्या दुकानात थोडे खाल्ले. सायंकाळी, चहाच्या वेळेपर्यंत, तिघेही वर्कहाउसच्या दारात परत हजर! अधिकारी संतापले, कारण सगळ्या नोंदी, कपड्यांचे निर्जंतुकीकरण, सारे नव्याने करावे लागले.

नियमाचा असा उपयोग करणाऱ्या त्या बाईच्या बुद्धीला दाद द्यावीशी वाटते. तीन-चार आठवड्यांतच तिला वेडाचे झटके येऊ लागले आणि सप्टेंबरमध्ये तिची रवानगी केन हिलच्या मनोरुग्णालयात झाली.

आणि आता मुख्य मुद्दा. मुलांचे काय करायचे? व्यवस्थेला प्रश्न पडलाच नाही. बाप जिवंत आहे, घर आहे, घरात दुसरी स्त्री आहे. मुलांना २८७, केनिंग्टन रोड येथे पोहोचवण्यात आले.

हा पत्ता वर्कहाउसहून कितीतरी वरचा होता. रस्ता रुंद, घर बऱ्यापैकी, जेवण मिळत होते. केवळ मिळकत मोजणाऱ्या नकाशावर मुले निळ्यातून वर सरकली होती. प्रत्यक्षात हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत असुरक्षित घर ठरले. वडिलांची जोडीदार लुईज दारूच्या आहारी गेलेली होती. तिला स्वतःचे चार वर्षांचे मूल होते आणि ही दोन मुले तिच्यावर न विचारता लादली गेली होती. तिचा राग सिडनीवर निघे. शनिवारी शाळा लवकर सुटे आणि चार्लीला शनिवारचीच धास्ती वाटे, कारण त्या दिवशी ती अधिक पीत असे. एकदा वडिलांनी भांडणात जड ब्रश फेकून मारला. तो तिच्या चेहऱ्याला लागून ती बेशुद्ध पडली. मुलांनी हे पाहिले.

लुईज ही खलनायिका नव्हे. ज्या पुरुषाच्या मुलांना सांभाळायचे, त्याच्याच हातचा मार तिने खाल्लेला होता.

एका रात्री तिने दोघांना घराबाहेर काढले. पहाटे तीनच्या सुमारास रखवालदाराच्या शेकोटीपाशी झोपलेली मुले पोलिसांना आढळली. पोलिसांनी दार उघडायला लावले. काही दिवसांनी घरी एक गृहस्थ चौकशीला आले. ते मुलांवरील क्रौर्य रोखणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे निरीक्षक होते.

इथे १८८९ चा कायदा चॅप्लिनच्या दारात येतो. इंग्लंडमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्धची संस्था १८२४ मध्ये स्थापन झाली. लंडनमध्ये मुलांसाठीची १८८४ मध्ये. साठ वर्षांचे हे अंतर इंग्रज समाजात घराच्या उंबरठ्याला किती पावित्र्य होते ते दाखवते. बेंजामिन वॉ यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीमुळे १८८९ चा कायदा झाला आणि मुलाचा छळ होत असल्याच्या संशयावरून वॉरंट घेऊन घरात शिरण्याचा अधिकार प्रथमच मिळाला. संस्थेच्या निरीक्षकाला गरीब वस्त्यांत 'क्रुएल्टी मॅन' असे नावच पडले होते.

तेव्हा दोन कायद्यांचे हात एका मुलापर्यंत पोहोचले होते. पुअर लॉने त्याला प्रेमळ पण कंगाल आईपासून तोडले आणि बेपर्वा पण कमावत्या बापाकडे दिले. क्रौर्याच्या कायद्याने त्याच बापाच्या घरी निरीक्षक पाठवला. एका हाताने जे केले, त्याची चौकशी दुसरा हात करीत होता. मुलाला सुरक्षित ठेवणारी गोष्ट, म्हणजे आईच्या हाती पडणारे आठवड्याचे दहा-बारा शिलिंग, ती मात्र कोणत्याच कायद्याच्या कक्षेत बसत नव्हती. नोव्हेंबर १८९८ मध्ये आई बरी होऊन आली आणि मुलांना घेऊन गेली, तेव्हाच हा प्रश्न सुटला.

🧵

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक आडवळण. या घटनांचा मोठा भाग चॅप्लिनच्या १९६४ च्या आत्मचरित्रातून येतो. त्यावर किती विसंबावे? डेव्हिड रॉबिन्सन या चरित्रकाराने वर्कहाउस, शाळा आणि रुग्णालये यांच्या नोंदवह्या ताडून पाहिल्या आणि १९८५ मध्ये चरित्र प्रसिद्ध केले. तारखा आणि क्रम काही ठिकाणी सरकतात, पण कथेचा कणा टिकतो. एक गमतीचे उदाहरण: बापाच्या घरी राहत असताना एका उदास रात्री केनिंग्टनच्या चौकात वाजवले जाणारे 'द हनीसकल अँड द बी' हे गाणे ऐकून आपल्याला संगीताचा साक्षात्कार झाला, असे चॅप्लिन सांगतो. ते वर्ष १८९८. गाणे मात्र १९०१ चे. आठवणीने दोन वर्षे एकत्र शिवली. त्यामुळे ती रात्र खोटी ठरत नाही. त्या रात्रीचे गाणे तेवढे अनिश्चित ठरते.

आता शेजाऱ्यांकडे वळू. आई आणि मुले पुढे ३, पाउनल टेरेस येथील पोटमाळ्यावर राहू लागली. छत उतरते, खोली कोंदट. आणि खाली, काही पावलांवर, तोच केनिंग्टन रोड. म्युझिक हॉलच्या यशस्वी कलावंतांचा हा आवडता रस्ता होता. रविवारी दुपारपूर्वी ते झुळझुळीत कपड्यांत, तट्टू जोडलेल्या नेटक्या बग्ग्यांतून फेरफटका मारून परतत आणि वाटेत पबमध्ये थांबत. पोरगा कडेला उभा राहून पाही. हे श्रीमंत लोक त्याच्यासाठी परके नव्हते. त्याचे आईवडील याच धंद्यातले. त्याच्या दृष्टीने ही हुकलेली जागा होती आणि म्हणून ती जास्त बोचणारी होती.

याच रस्त्याच्या चांगल्या भागात, वॉलकॉट मॅन्शन्समध्ये, मॅकार्थी कुटुंब राहत असे. मॅकार्थीबाई हॅनाची रंगमंचावरची जुनी मैत्रीण. लग्नानंतर त्या सुस्थितीत होत्या. त्यांचा मुलगा वॉली आणि चार्ली समवयस्क. चार्ली खेळायला जाई आणि जेवणवेळेपर्यंत रेंगाळे. कोणी 'थांब, जेवून जा' म्हणेल, या आशेने. स्वतः हॅना तिथे जाणे टाळी. आपली अवस्था मैत्रिणीच्या नजरेस पडू नये असे तिला वाटे. भुकेपुढे मुलाची लाज हरत होती. आईची हरत नव्हती.

१९०३ च्या मे महिन्यात घरात काहीच नव्हते. आई खिडकीशी बसून होती. तिने त्याला मॅकार्थींकडे जायला सांगितले. तो तिच्याजवळ थांबू पाहत होता, तिने थांबू दिले नाही. काही दिवसांनी तो घरी येत असताना दारातल्या मुलांनी सांगितले की तुझी आई वेडी झाली; घरोघरी कोळशाचे तुकडे देत फिरत होती, मुलांसाठी वाढदिवसाची भेट म्हणून.

चौदा वर्षांच्या मुलाने तिला हाताला धरून रुग्णालयापर्यंत चालवत नेले. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते, सिडनी जहाजावर होता. उपासमारीमुळे तिचे डोके बिघडले असावे, असे डॉक्टर म्हणाले. तुझी सोय काय, असे विचारल्यावर चार्लीने मावशीकडे राहतो असे सांगितले. ते खरे नव्हते. खरे सांगितले असते तर पुन्हा संस्थेत रवानगी झाली असती. आणि संस्था म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. सिडनी परत येईपर्यंत तो घरमालकिणीची नजर चुकवत, केनिंग्टन रोडच्या मागच्या तबेल्यांत लाकडे फोडणाऱ्यांना मदत करत राहिला. ज्या व्यवस्थेने त्याला सांभाळायचे, तिच्यापासून लपण्यासाठी!

त्याच वर्षी त्याला 'शेरलॉक होम्स' नाटकात बिली या पोऱ्याची भूमिका मिळाली. पगार आठवड्याला अडीच पौंड. आईच्या ५४ ब्लाउजांच्या सात पटींहून अधिक.

पुढचे सर्वांना माहीत आहे. 'द किड' (१९२१) मधला पोटमाळा आणि पोराला अनाथालयात न्यायला आलेले अधिकारी कुठून आले, हे आता वेगळे सांगायला नको. 'सिटी लाइट्स' (१९३१) मधला लक्षाधीश दारूच्या नशेत भटक्याला मिठी मारतो आणि शुद्धीवर आला की ओळखत नाही. त्या पात्राला केनिंग्टन रोडवरचा बाप आणि रविवारच्या बग्ग्या दोन्ही आठवतात. हे अर्थातच अनुमान. १९३१ मध्ये लंडनला आला असता चॅप्लिन हॅनवेलची शाळा पाहायला गेला. त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी आलेल्या गांधीजींची आणि त्याची भेट पूर्व लंडनमध्ये झाली, हे अनेकांना ठाऊक असेल.

ब्रिटनमधील १८८९ च्या कायद्याची परंपरा १९०८ च्या बालक कायद्यातून भारतात आली: मद्रास १९२०, बंगाल १९२२, मुंबई १९२४. मुंबईच्या गिरणगावात तो कसा राबवला गेला, हा स्वतंत्र धाग्याचा विषय.

हॅनाला मुलांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात नेले; १९२८ मध्ये ती तिथेच वारली. पाउनल टेरेस १९६० च्या दशकात पाडले गेले. २८७, केनिंग्टन रोड ही इमारत मात्र उभी आहे, आणि चार्ली चॅप्लिन येथे राहत होता, अशी पाटी तिच्यावर आहे.